निवळी

इतिवृत्ताच्या वहीत, ठराव क्रमांक सातच्या खाली
मी लिहिलं, ‘चर्चेअंती वातावरण निवळले.’
आणि पेन तिथंच अडलं.

कारण कसलं निवळलंय?
चारशे दोनचे करंदे खुर्ची पाडून गेले,
ती उचलायलाही कुणी वाकलं नाही.
तीनशे दोनच्या वझेबाई
छतावरच्या ओलीचा फोटो मोबाईलवर मोठा करून
अजून दाखवत होत्या सगळ्यांना,
चार महिने ज्यांनी तो पाहिलाय त्यांनासुद्धा.

वरच्या ओळीत माझ्याच अक्षरात, ‘वातावरण तंग झाले.’
तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा पट्टा,
खोगीर आवळायचा.
कोपरखैरण्याच्या सेक्टर आठमध्ये
घोडा येतो तो फक्त वरातीला.
पण आमच्या सभेत तो दर महिन्याला उभा असतो
प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या मधोमध,
आणि कुणी ना कुणी
पट्टा आणखी एक भोक आत ओढतंच.

तंग घोड्याचा. मग निवळणं कुणाचं?

सकाळी गच्चीवर गेले.
मोरब्याची लाईन फुटल्यापासून
नळाला दोन दिवस चहाच्या रंगाचं पाणी.
घणसोली गावातले दावजी पाटील
टाकीचं झाकण बाजूला सारून
आत बघत बसले होते, नुसते.
एके काळी मिठागरात होते,
साठवलेल्या पाण्याकडे कसं बघायचं ते त्यांना माहीत.

मी म्हटलं, ढवळा की जरा, तुरटी विरघळेल.
‘नको बाय. झाला ढवलून.
आता हात नाय लावायचा.’

मग आपणहून म्हणाले,
‘आमची आय निवलीचा बी घासायची माठाला, आतून.
चपटा, बटनाएवढा.
पानी लख्ख.
बी मात्र झिजायचा रोज रोज.
दिवाली येईस्तो तुरीच्या दाण्याएवढा.’

आणि गाळ? तो कुठं जायचा?

दावजींनी माझ्याकडे बघितलं,
एवढं शिकून ही असं विचारते.
‘जातंय कुठं? खाली बसतं.
भांडा हलूच बुडवायचा, येवढाच.’

खाली येऊन शब्दकोश काढला.
निवळणे : गाळ तळाशी बसून पाणी स्वच्छ होणे.
आभाळाचं, आजाराचं, भांडणाचं
सगळं नंतरचं, पाण्याकडून उसनं घेतलेलं.
आणि गाळ गेला असं
कुठल्याच अर्थात लिहिलेलं नाही.

मला काल रात्रीचे साडेदहा आठवले.
मी पार्किंगचा दिवा बंद करून वर येत होते
तर तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात
करंद्यांची बायको, सुलभा,
हातात प्लंबरची पावती.
वझेबाईंच्या दाराशी हळू आवाजात सांगत होती,
‘शनिवारी येतोय तो. पैसे दिलेत मी.
ह्यांच्या कानावर नको.’

गेल्या वर्षी गाडीवरून झालं तेव्हाही तीच होती,
दोन डबे घेऊन.
त्याआधी कुत्र्यावरून.
त्याआधी, मला वाटतं, माझ्यावरूनच.
तिचं नाव एकाही इतिवृत्तात नाही,
ती सभासद नाही, फ्लॅट त्यांच्या नावावर.
जिन्यातल्या उजेडात बारीक दिसली.
लग्न होऊन आली तेव्हा बरी अंगाने होती.

वही उघडली.
‘निवळले’वर काट मारावीशी वाटली.
मारली नाही.
फक्त खाली समासात, पेन्सिलीने, लिहिलं
सुलभा करंदे.
कशाबद्दल ते लिहिलं नाही.

संध्याकाळी लिफ्टमध्ये करंदे.
दोघंही मजल्यांचे आकडे वाचत होतो,
एक, दोन,
तिसरा आला तशी त्यांनी मान खाली घातली.

‘टाकी झाली का?’
झाली.
‘पाणी कसं आहे?’

मी म्हटलं, वरचं चांगलं आहे.